खाडीकाठचे नऊ करंज

गोडादऱ्याच्या मागं, खाडीच्या काठाला ठेकेदाराची पाटी लागली: 'अर्बन फॉरेस्ट, दहा हजार झाडं'. अंजनाबाईला आधी बरंच वाटलं. लावू देत की बापडे! मग कळलं, नकाशात पायवाट आहे, तिला सपाट जमीन हवी, म्हणून तिथं उभे असलेले नऊ करंज आधी तोडायचे. जंगल लावायला झाडं तोडायची! आता बोला.

ते नऊ करंज फुकट नव्हते आले. जमीन खारट. सुरुवातीला लावलेलं एकूण एक रोप जळून गेलं होतं. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, भगवंतनं, कापडाच्या लूमवरून सुटल्यावर पाटीपाटी माती वाहून गुडघाभर उंच ढिगारे केले, एक पावसाळा त्यातलं मीठ धुऊन जाऊ दिलं आणि मग त्यांवर करंज लावले. अंजनाबाईनं रसाच्या गाड्यांवरची उसाची चिपाडं डोक्यावरून आणून बुंध्याशी पसरली, ओल टिकावी म्हणून. त्याला चौदा वर्षं झाली. भगवंत जाऊनही सहा वर्षं झाली. आता दुपारी अख्ख्या गल्लीतल्या बाया त्या सावलीत बसून साड्यांचे धागे कापतात. आणि म्हणे जंगल नाही!

मंगळवारी सर्वेवाला आला, अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलणारा. हातात टेप आणि फॉर्म. बुंध्याचा घेर मोजला, जात लिहिली आणि शेवटच्या रकान्याशी थांबला.

"मासी, धार्मिक छे के नहीं?"

"म्हंजे?"

"देवाचं झाड असलं तर सोडायचा हुकूम आहे. बीजा बधा कापवाना, बाकी सगळी कापायची."

अंजनाबाईचं डोकंच फिरलं. "सावलीचा रकाना नाही? चौदा वर्षं पाणी घातल्याचा?"

"कॉलम नथी, मासी."

एवढ्यात शेजारची भागीरथी पदराच्या झोळीत दगड घेऊन धावत आली. जालन्याकडची बाई, गल्लीत येऊन तीनच वर्षं झालेली, पण करंजांवर तिचाही जीव. देवाची झाडं सोडतात, हे तिच्या आधीच कानावर आलं होतं. मोजून नऊ दगड, प्रत्येकाला शेंदूर फासलेला. एकेका बुंध्याशी एकेक ठेवत सुटली. शेंदूर अजून ओलाच होता, तिची बोटं लाल झाली होती.

"ए, हे काय करतीस?" अंजनाबाई ओरडली.

"गप बस, बाई! झाडं वाचतात की नाही, ते बघ."

"मी बौद्ध हाय. मले नाही जमत हे."

"तुला कोण हात जोडायला सांगतंय? नुसती बघत उभी राहा."

सर्वेवाल्यानं दगड पाहिले, शेंदूर पाहिला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्यालाही झाडं तोडायची हौस नव्हती. "मग पूजा कोण करतं? नाव आणि सही पाहिजे."

"माझं लिहा," भागीरथी म्हणाली.

"इथं दहा वर्षं राहणाऱ्याचीच सही चालेल. लाइटबिल बघावं लागेल."

धागे कापणाऱ्या बायांच्या कात्र्या थांबल्या. तेवढं जुनं त्या सावलीत एकच माणूस होतं, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते.

अंजनाबाईला रडू नाही आलं, संताप आला. लग्नात तिच्या बापानं दारात नारळसुद्धा फोडू दिला नव्हता. भगवंत शेवटच्या आजारात खाटेवर पडला, शेजारीपाजारी अंगारे घेऊन आले, तरी दोघांनी हात पुढं केला नाही. आणि आज हे कुठले कोण फॉर्मवाले! झाड नुसतं झाड म्हणून यांना पुरत नाही. त्याच्या बुडाशी देव बसवा, मग ते जगेल. आणि देव बसवायचा कुणी? जिनं उभ्या जन्मात बसवला नाही, तिनं!

"नाही म्हटलं तर?" तिनं विचारलं.

"सोमवारी मशीन येईल."

तिनं वर पाहिलं. भगवंतनं लावलेली नऊच्या नऊ झाडं.

"दे इकडं," ती म्हणाली. फॉर्म हिसकावून घेतला, मांडीवर धरला आणि सही ठोकली. पुजारी: अंजनाबाई भगवंत इंगळे. लाइटबिल घरातून आणून त्याच्या हातावर आपटलं. "चोरापासून नाही, गुरापासून नाही. जंगलवाल्यांपासून झाडं वाचवाले खोटं बोलले मी. सांग तुह्या सायबाले!"

तो खाली मान घालून निघून गेला. भागीरथीनं तिला मिठी मारली, सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. अंजनाबाई मिठी सोडवून घरी गेली.

सोमवारी मशीन आलं आणि करंजांना वळसा घालून गेलं.

त्याआधीच्या रविवारी ती विहारात गेली होती. बुद्धाला वंदन झालं, सगळे एका सुरात पंचशील म्हणू लागले. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं अंजनाबाईनं ओठ घट्ट मिटले. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं, पुढच्या रांगेतल्यांनीही पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. सगळ्यांचं म्हणून होईतो ती तशीच ताठ बसून राहिली, आणि पाचवं शील सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणाली.