वाऱ्याला पुरेल एवढे पेट्रोल

मित्रांनो, मी जुनी मोटार आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या दारांचा पांढरा रंग कुठे कुठे पिवळा पडला आहे आणि मागची काच खाली करायची तर दोन्ही हातांनी ढकलावी लागते. पण माझे इंजिन सुरू झाले की वळून न पाहणारा माणूस केनियातल्या आमच्या इतेन गावात तरी सापडणार नाही. ही फुशारकी नाही. या आवाजामागे ज्यांचे कष्ट आहेत त्यांना मी जवळून पाहिले आहे, म्हणून सांगते.

मोंबासाला समुद्राकाठी माझे भाग जोडले गेले. तिथल्या दमट हवेतून माझे मालक सुगुत मला थेट डोंगरावर घेऊन आले. तेव्हा ते तरुण होते. पुढे केस पिकल्यावर सगळे त्यांना आदराने मझे सुगुत म्हणू लागले. आमचा रस्ता ठरलेला होता. खाली केरियोचे उकडणारे खोरे, वर थंडगार इतेन आणि मधे तांबाचचा घाट. खोऱ्यातून आंबे, शेंगांची पोती, बकऱ्या आणि माणसे घेऊन मी वर यायची. नवऱ्यामुली माझ्यातून सासरी गेल्या. एकदा लग्नाचा केक मांडीवर धरून बसलेल्या मावशीने प्रत्येक वळणावर सुगुतांना दटावले आणि वर पोचल्यावर केकचा पहिला तुकडा त्यांनाच दिला. “न थांबता चढते ती सुगुतची गाडी,” असे लोक म्हणत. मला ते फार आवडायचे.

मग वर्षे गेली. उंचावर हवा विरळ असते. तरुण इंजिनाला ती पुरते, माझ्यासारख्या झिजलेल्या इंजिनाला पुरत नाही. घाटाच्या वरच्या अंगाला मला धाप लागू लागली. नव्या व्हॅन हॉर्न वाजवत पुढे जायच्या. मागच्या सीटवरून कोणीतरी विचारायचे, “मझे, उतरून ढकलू का?” सुगुत हसून म्हणायचे, “ढकल की, पण भाडं तेवढंच पडेल.” एके दिवशी मात्र ते हसले नाहीत. त्यांनी मला घरामागे निलगिरीखाली उभे केले आणि किल्ली खिळ्याला अडकवली. कोंबड्या माझ्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. मित्रांनो, कोंबड्यांवर माझा राग नाही, पण मी त्यांच्यासाठी जन्मले नव्हते.

सुगुतांना दोन मुले. थोरली जेमेली नैरोबीला शिकून इंजिनिअर झाली आणि एल्डोरेटच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये काम करू लागली. धाकटा किमायो दुधाचा ट्रक चालवायचा. त्याचा हात स्टिअरिंगवर जितका मोकळा, तितकीच जीभही मोकळी. घाट चढण्याची शर्यत आमच्याच रस्त्यावर होणार असे कळले, तेव्हा तो नाकुरूच्या भंगारबाजारात गेला आणि मुइगाई नावाच्या दुकानदाराकडून एक टर्बो घेऊन आला. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो फिरला की इंजिनात जास्त हवा कोंबतो. विरळ हवेने दमलेल्या मला याहून चांगले औषध कोणते?

किमायोने वडिलांना न विचारता कोंबड्या हाकलल्या, मला धुतले आणि टर्बो जोडला. मग बहिणीला फोन लावला.

“ताई, बसवला टर्बो.”

“आणि पेट्रोलचं काय केलंस?”

“टाकी भरली की.”

“टाकीचं नाही विचारत, शहाण्या. इंजिनात हवा दुप्पट जाणार, तर पेट्रोलही त्या मानानं जायला हवं. तुझा जुना पंप ते देणार आहे का?”

“तू ये रविवारी, मग बघू.”

“मी येईपर्यंत किल्लीला हात लावू नकोस.”

त्याने हात लावला. घाटाची पहिली चढण मी अशी चढले की मला माझेच नवल वाटले. पण टर्बोने जोर धरला तसे काहीतरी बिघडले. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या माझ्या कार्ब्युरेटरमध्ये हवेचा दाब वाढला आणि जुना पंप त्या दाबाविरुद्ध पेट्रोल ढकलू शकेना. ज्या क्षणी मला सर्वात जास्त पेट्रोल हवे होते, त्याच क्षणी सर्वात कमी मिळत होते. भरपूर हवा आणि थोडे पेट्रोल यांची आग फार तापते. इंजिनातून खडखड आवाज येऊ लागला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मी सांगत होते, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचल. किमायोला वाटले, हा ताकदीचा आवाज आहे. पुढच्या वळणाआधी माझ्या एका पिस्टनला भोक पडले आणि मी निळ्या धुरात उभी राहिले.

दोरी बांधून मला ओढत घरी आणले. सुगुत अंगणात उभे होते. त्यांनी माझे बॉनेट उघडले, आत पाहिले आणि ते लावून टाकले. ते ओरडले नाहीत. त्यांनी किमायोशी बोलणेच बंद केले. शेजारी बसलेल्या मुलाला ते बायकोमार्फत निरोप धाडायचे, “तुझ्या मुलाला सांग, चहा निवतोय.” किमायो म्हणायचा, “आई, बाबांना सांग, पितोय.” आई म्हणायची, “मी काय टपाल खातं आहे का?” पण निरोप पोचवायची.

रविवारी जेमेली आली. तिने पिस्टन हातात घेतला आणि भोकातून भावाकडे पाहिले.

“यातून तुझी अक्कल दिसतेय,” ती म्हणाली.

“माझं चुकलं, ताई. गाडी भंगारात जाऊ देऊ नकोस एवढंच. बाबा देतील.”

“मला नको सांगूस, त्यांना सांग.”

“ते ऐकतात कुठे?”

जेमेली वडिलांकडे गेली. “बाबा, ही गाडी मी उभी करते. इंजिनाला नवे पिस्टन घालते आणि पेट्रोलची सगळी व्यवस्था नव्यानं आखते, टाकीपासून इंजिनापर्यंत. शर्यतीत पळेल.”

सुगुतांनी तिच्याकडे वळून विचारले, “तुझ्या आखणीवर तुझा भरवसा आहे?”

“आहे.”

“मग शर्यतीत तू आत बसायचं. त्याच्या शेजारी.”

“बसेन,” जेमेली म्हणाली. मला ती तेव्हाच आवडली.

मित्रांनो, तिने काम कसे केले ते ऐका. तिने सुरुवात उलट्या बाजूने केली. मला किती ताकद हवी ते ठरवले. तेवढ्या ताकदीला मिनिटाला किती पेट्रोल लागेल याचा हिशेब मांडला आणि त्यावर वीस टक्के जास्त धरले. कार्ब्युरेटर काढून तिने इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर बसवले आणि तो फवारा मोजून देणारा छोटा संगणक लावला. जोरदार विजेचा पंप आणला. टाकीपासून जाड नळी टाकली आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी. मधे एक झडप बसवली. टर्बोने हवेचा दाब वाढवला की ही झडप पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढवायची. म्हणजे वारा कितीही चढला तरी पेट्रोल त्याच्यापुढे हटणार नाही.

पंपाची परीक्षा तिने दुधाच्या मापाने घेतली. किमायो माप धरून बसला, ती घड्याळ बघत होती.

“कमी भरलंय,” किमायो म्हणाला.

“पंपावर तर जास्त लिहिलंय.”

“दूधवालाही जास्तच सांगतो, ताई.”

तिने शोधले तेव्हा कळले की पंपाला जाणारी वायर बारीक होती आणि वीज वाटेतच दमत होती. जाड वायर लावली आणि माप भरले.

मग मला घाटात नेले. किमायो या वेळी जपून चालवत होता. सरळ चढणीवर मी सुरेख पळाले, पण डावीकडच्या लांब वळणात मला ठसका लागला. किमायोने लगेच पाय उचलला. जेमेली खाली उतरली, रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि पाण्याची अर्धी बाटली हातात तिरकी धरून बघत राहिली.

“माझी चूक,” ती म्हणाली. “आकडे बरोबर होते, पण मी टाकी सपाट टेबलावर ठेवल्यासारखी धरली. वळणात सगळं पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप नुसती हवा ओढतो.”

“मग आता? वळणं सरळ करायची?”

“नाही. पंपाला स्वतःची वेगळी टाकी द्यायची.”

तिने चरवीएवढी एक उभी टाकी बनवून घेतली. एक लहान पंप मोठ्या टाकीतून ती सतत काठोकाठ भरायचा आणि मोठा पंप फक्त तिच्यातून प्यायचा. वळणात मोठी टाकी हेलकावली तरी माझ्या इंजिनाला त्याचा पत्ता लागत नसे. त्यानंतर घाटात मला एकदाही ठसका लागला नाही. शर्यतीच्या दिवसापर्यंत तरी.

शर्यतीच्या दिवशी घाटाच्या दोन्ही कडांना माणसेच माणसे होती. नैरोबीहून चकचकीत गाड्या आल्या होत्या. खालच्या टोकाला चहाची टपरी चालवणारी चेरोप म्हणाली, “किमायो, कोंबड्या उतरवल्यास ना रे?” सगळे हसले. मीही मनातून हसले, कारण माझ्या पोटात काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हते. प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या होत्या आणि त्यांतली चांगली वेळ धरली जायची. सुगुत वरच्या टोकाला जाऊन उभे राहिले होते.

झेंडा खाली आला आणि आम्ही निघालो. मी इतकी मोकळी कधीच धावले नव्हते. कडेची माणसे आ वासून बघत होती. जेमेलीचे डोळे मात्र पेट्रोलच्या दाबाच्या काट्यावर होते. घाटाचा मोठा भाग मागे पडला आणि काटा थरथरून खाली येऊ लागला.

“पाय उचल,” ती म्हणाली.

“ताई, आपण सगळ्यांच्या पुढे आहोत.”

“माहीत आहे. उचल.”

मी अजून एकदाही खडखडले नव्हते. किमायोला काहीच ऐकू येत नव्हते, काहीच दिसत नव्हते. त्याच्यापुढे मोकळा रस्ता होता आणि कानात लोकांचा गलका होता. त्याला फक्त बहिणीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा होता. त्याने पाय उचलला. आम्ही बैलगाडीसारखे सावकाश वर आलो. कडेचे लोक शिट्ट्या मारत होते आणि किमायोची मान खाली होती.

सुगुत जवळ आले. त्यांनी बॉनेट उघडले. जेमेलीने पेट्रोल गाळणारी जाळी काढून रुमालावर झटकली, तर तांबड्या गंजाचे कण पडले. माझी मोठी टाकी तिने धुतली होती, पण इतक्या वर्षांचा गंज घाटातल्या हादऱ्यांनी सुटला आणि जाळीत बसला. लहान टाकीत पेट्रोल येईनासे झाले. अजून थोडे पळवले असते, तर पुन्हा पिस्टन गेले असते.

“थांब कोणी सांगितलं?” सुगुतांनी विचारले. ते किमायोकडे बघत होते. त्याने गोंधळून आईला शोधले, पण आई तिथे नव्हती.

“ताईनं,” तो शेवटी म्हणाला.

“आणि तू थांबलास?”

“थांबलो.”

सुगुतांनी रुमालावरचा गंज बोटाने चाचपला. “जाळी दुसरी आहे का?”

“आहे, बाबा,” जेमेली म्हणाली.

“मग बघत काय बसलात? किमायो, पाना दे इकडे.”

किमायोने पाना इतक्या घाईने दिला की तो सुगुतांच्या पायावर पडता पडता राहिला. तिघांनी मिळून जाळी बदलली. माझ्या बॉनेटखाली तीन डोकी एकत्र वाकलेली मी प्रथमच पाहिली.

दुसऱ्या फेरीत काटा हलला नाही. वळणे आली आणि गेली, वारा माझ्यात भरत होता आणि त्याला पुरेल एवढे पेट्रोल मला मिळत होते. जुन्या गाड्यांमध्ये आम्ही पहिले आलो. नव्या गाड्यांपैकीही बऱ्याच आमच्या मागे राहिल्या. गावातल्या बायकांनी वाळवलेल्या भोपळ्यातून मुर्सिक आणले, जिंकणाऱ्याला पाजायचे ते आंबट दूध. किमायोने तो भोपळा आधी बहिणीला दिला. तिने भला मोठा घोट घेतला आणि तिच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली. वर आलेली चेरोप म्हणाली, “आता ही खरी मझे झाली.”

आज मी पुन्हा खोऱ्यात जाते. आंब्यांच्या दिवसांत पेट्या लादून वर येते आणि व्हॅन मला वाट देतात. महिन्यातून एकदा सुगुत स्वतः माझी जाळी काढून उजेडात धरतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल तर त्याला टाकून देऊ नका. त्याच्याकडून नवी ताकद जरूर मागा, आम्हाला पळायला आवडते. पण मागण्याआधी आमच्या पोटाची सोय करा. आणि मधेच आमचा आवाज बदलला किंवा काटा थरथरला, तर तुम्ही कितीही पुढे असा, पाय उचला.