वाचनालयातल्या रडणाऱ्या बाईची गोष्ट, अर्थात माझीच

घाबरू नका, मी कूलर आहे. तोही साधा, पत्र्याचा, नागपुरी. हे आधीच सांगून टाकतो, कारण यंदा होळीच्या सुमारास नागपूरजवळच्या वाडीतल्या एका शाळेनं मला चक्क भूत ठरवलं होतं. आणि गंमत म्हणजे त्या भुतावर सगळ्यात जास्त विश्वास माझाच होता.

माझा जन्म लकडगंजातला. लहानू नावाच्या कारागिरानं मला ठोकून-ठोकून उभं केलं. एक कोपरा वाकडाच राहिला, तेव्हा तो म्हणाला, "चालते गा, हवा थोडीच वाकडी येते!" एवढ्या कौतुकावर मी घराबाहेर पडलो.

माझे पहिले मालक गणपतराव, एका ट्रान्सपोर्ट गोडाऊनचे मॅनेजर. मे महिन्यात त्यांच्या घरची माणसं माझ्यासमोरच्या जागेसाठी भांडायची. मी समजायचो, आपल्यावर काय जीव आहे यांचा! दिवाळीत डोक्यावर रिकाम्या बादल्या अन् तुटकी छत्री आली, की हा जीव कुठे जातो ते कळायचं. पुढे घरी एसी आला आणि गणपतरावांनी मला शाळेला दान केलं. छोटासा कार्यक्रम झाला. शाल-श्रीफळ आणलेलं पाहून मी छाती फुगवली. ती शाल गणपतरावांच्या खांद्यावर गेली.

मला वाचनालयाच्या पश्चिमेच्या खिडकीत बसवलं, तोंड आत, पाठ बाहेर. एक उन्हाळा राबलो. मग पंप जळाला, पाठीवरची गवताची ताटी सडून तिच्या चार झिपऱ्या उरल्या, आणि माझा प्लग काढून ठेवला तो ठेवलाच.

त्यानंतर ते सुरू झालं. शाळा सुटली, ऊन कललं, की वाचनालयात कुणीतरी कण्हायचं. "हूं... हूंऽऽ..." समोरच्या भिंतीवर मोकळ्या केसांची एक सावली डोलायची. मी तर गारठून जायचो. इथे गारठवायचं काम माझं, आणि मीच थरथरतोय! मी थरथरलो की तो आवाजही थरथरायचा. मला वाटायचं, बिचारं भूतसुद्धा भित्रं दिसतंय. आवाज आपल्याच पोटातून येतोय, ही शंका मला एकदाही आली नाही. प्लग काढलेला, मी कसा बोलणार? इतका मी हुशार.

त्या वेळी वाचनालय झाडायला इंदूबाई यायच्या. शाळेतल्या जुन्या मदतनीस, विधवा, एकट्या राहणाऱ्या. झाडताना स्वतःशीच पुटपुटायची सवय. दोन पोरींनी बाजूच्या खिडकीतून डोकावलं. आत त्या, आणि भिंतीवर ती सावली! एकीला रात्री ताप भरला. झालं. दुसऱ्या दिवशी गेटवर बायका जमल्या. इंदूबाईच काहीतरी करते, तिला काढा, नाहीतर पोरं पाठवत नाही. हेडसर घाबरट माणूस. म्हणाले, "शनिवारी पालकसभेत ठरवू. तोवर तुम्ही घरीच राहा."

जाताना इंदूबाई वाचनालयाची किल्ली ठेवायला आल्या. हर्षा मॅडमना म्हणाल्या, "मॅडम, नळावर बाया बादली दूर सरकवून राहिल्या माह्यापासून. म्या काय केलं वं कोणाचं?"

हर्षा मॅडम विज्ञान शिकवायच्या. शाळा सुटल्यावर त्यांचा एक क्लब भरायचा, भुताखेतांचे दावे तपासणारा. आपोआप पेटणारा नारळ, रक्त गाळणारं लिंबू, असली प्रकरणं पोरांनी निकालात काढली होती. आता क्लब माझ्याच खोलीत येऊन बसला. आठवीतली मयुरा पुढे आणि तिच्या मागे, अगदी तिच्याच मागे, ऋषी.

"तुले भेव वाटते काय?" मयुरानं विचारलं.

"नाही वं. मी फक्त मागून निरीक्षण करून राहिलो."

मला हा मुलगा फार आवडला. आपल्या जातीचा वाटला.

पहिला संशय रस्त्यावरच्या ट्रकांवर. ऋषी भिंतीशी उभा राहून ट्रक गेला की शिट्टी मारायचा. शिट्ट्या वाजत राहिल्या, पण आवाज आपल्याच मर्जीनं आला. मग जमिनीवर पीठ पसरलं. पायाचे ठसे मिळाले, ते मांजराचे. मी मनात म्हटलं, आता हरतील ही पोरं, आणि मी त्या बाईबरोबर एकटा उरेन.

पण मयुरानं वेणीची रिबीन सोडून खिडकीच्या गजाला बांधली अन् बघत बसली. रिबीन लोंबत होती तोवर खोली शांत. रिबीन फडफडली, आणि "हूंऽऽ..."

ती उठली, सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या तोंडात डोकावली. "मॅडम! याचा पंखा हवेनं फिरून राहिला! आस पार गंजला हाय!"

ऋषीनं बाहेर जाऊन माझ्या पाठीवर ताडपत्री टाकली. आवाज बंद, सावलीही गडप. काढली, दोन्ही हजर. मागून येणारं ऊन, फिरणारी पाती आणि माझ्या झिपऱ्या, एवढीच होती ती मोकळ्या केसांची बाई. मला कुठे तोंड लपवावं कळेना. इतके दिवस जिला भ्यालो, ती मीच!

ऋषी टाळ्या वाजवत होता. मयुरा मात्र रिबीन सोडवून बोटाला गुंडाळत बसली. मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाली, "सभेत इंदूमावशीले काढा म्हणणाऱ्यात सगळ्यात पुढं माही आई हाय."

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर पालक वाचनालयात जमले. इंदूबाई दाराशी उभ्या, पदर घट्ट धरून. मयुरानं सगळं समजावलं, रिबीन दाखवली आणि म्हणाली, "आता हवा येईल."

हवा येईना. पान हलत नव्हतं. नको तेव्हा कण्हणारा मी, आज एका बाईची भाकर माझ्या कण्हण्यावर होती, तर तोंडातून चकार शब्द फुटेना. मयुरानं काठीनं पंखा फिरवला. मी जमेल तेवढं विव्हळलो.

"काठीनं तर काहीबी वाजते," एक काका उठले. पाठोपाठ दोघं-तिघं गेले. हेडसर घड्याळ बघू लागले.

मयुराची आईही उठली. "चाल घरी. लय झाला तुहा क्लब."

मयुरा जागची हलली नाही. रडवेली झाली होती, पण आवाज पक्का होता. "आई, तू ऐकीव गोष्टीवर सभा बोलावली. आता बघासाठी जराशी बस ना वं."

आई बसली. इंदूबाईंच्या शेजारचीच खुर्ची रिकामी होती. खुर्ची दूर ओढायला तिनं हात घातला, सगळे बघताहेत म्हणून थांबली, आणि तशीच बसली. ऊन माझ्या पाठीवर उतरलं. मग बाहेरच्या धुळीनं एक गिरकी घेतली आणि रिबीन उडाली. मी असा कण्हलो, असा कण्हलो, की जन्मात कण्हलो नव्हतो! भिंतीवर सावलीनं केस झटकले आणि मयुराच्या आईनं दचकून शेजारचा हात गच्च धरला. तो इंदूबाईंचा होता.

इंदूबाईंनी हात सोडवला नाही. हळूच म्हणाल्या, "मीबी पहिल्यांदा अशीच भ्याली होती, बाई. माहा हात धराले कोणी नव्हतं."

मयुराच्या आईनं मान खाली घातली. हात काही सोडला नाही. मग हेडसरांकडे न बघताच म्हणाली, "सर, सोमवारपासून येऊ द्या यांले. गेटवरच्या बायांशी मी बोलीन."

इंदूबाई कामावर आल्या. नळावरच्या सगळ्याच बादल्या जवळ आल्या असं नाही. पण मयुराची आई आपली बादली मुद्दाम त्यांच्या बादलीला लावून ठेवते म्हणे.

माझ्या आसाला तेल मिळालं, पंप नवा, गवत नवं. आता मी गुपचूप गार हवा देतो आणि पोरं पुस्तकं उघडून माझ्यासमोर झोपतात. लहान वर्गातली पोरं अजूनही दुरून मला हात जोडतात, आणि मीही, खोटं कशाला सांगू, तो नमस्कार घेतो.

तुमच्याकडे माझा भाऊबंद असेल, तर एकच विनंती. त्याच्यात पाणी भरताना आधी प्लग काढत जा. आमच्यात भूत नसतं, पण करंट असतो.