दुसऱ्या बाजूचं म्हणणं

पत्रकारिता विभागातल्या सरांना मुलं पाठीमागे 'दुसरी बाजू' म्हणत. कँटीनचा चहा पाणचट झालाय असं कुणी सहज बोललं, तरी सर गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "चहावाल्याचं म्हणणं घेतलंत?" पोरं खिदळायची. ती मात्र खिदळायची नाही. सरांचा शब्द न् शब्द झेलणारी जी दोनचार मुलं प्रत्येक वर्गात असतात, त्यातली ती. पुढं जे झालं ते तिच्या या गुणापायी झालं. आळशी, कामचुकार असती तर कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता.

विभागाच्या पाक्षिकासाठी बाकीच्यांनी वसतिगृहाचं पाणी, निकालातले घोळ असले बिनधोक विषय घेतले. तिनं शहरातले जहाल गट मागून घेतले. मामा म्हणाला, "आमच्या बातमीदारीणबाई आता सरकार पाडणार." ती मामाकडे राहून शिकत होती, आणि मामा-मामीचा एकुलता एक मुलगा, तिचा दादा, दोन वर्षांपूर्वी घर सोडून अशाच एका गटात गेला होता. विषय मागून घेण्याचं खरं कारण तेवढंच होतं, पण ते तिनं सरांना सांगितलं नव्हतं.

गटाचं बस्तान फर्निचरच्या एका दुकानावरच्या माळ्यावर होतं. त्याचे म्होरके होते भूमितीचे एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना काका म्हणत. जुनं जळाल्याशिवाय नवं उभं राहत नाही, हे ते फळ्यावर प्रमेय सोडवावं तितक्या शांतपणे सांगायचे. आवाज कधी चढायचा नाही. वर्षापूर्वी एक सरकारी कचेरी जळाली होती आणि आत झोपलेला पहारेकरी भाजून मेला होता. आग कुणी लावली याचा पोलिसांना थांगपत्ता नव्हता.

दादा तिला भेटायचा तो दातांच्या दवाखान्यात. माळ्यावरून एकट्यानं बाहेर पडायला डॉक्टरशिवाय दुसरं कारण चालत नसे. त्याची दाढ खरोखरच किडली होती आणि तो ती मुद्दाम काढत नव्हता. काढली की यायचं निमित्त संपलं. आत यंत्र किरकिरायचं, बाकावर गाल धरून बसलेली माणसं आपापल्या दुखण्यात बुडालेली असायची, आणि ही दोघं जुनी मासिकं चाळल्यासारखं करत बोलायची.

"कचेरी पेटवायला काकांनीच सांगितलं," तो म्हणाला. "मी कोपऱ्यावर उभा होतो. कुणी येतंय का बघायला. आत माणूस झोपलाय हे काकांना माहीत होतं गं. आम्हाला नव्हतं."

तिनं हातातलं मासिक मिटलं. तो बोलत राहिला. नव्या माणसाला सगळ्यांसमोर घरी फोन करावा लागतो. स्पीकर चालू ठेवून आईला सांगायचं, आजपासून मी तुझा नाही.

"तूही केलास?"

"केला. बाकीच्यांच्या आया रडल्या, कुणी शिव्या घातल्या. माझी आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, 'बरं. जेवलास का?' अख्खी खोली हसली."

मामीनं हे घरात कधीच सांगितलं नव्हतं. दादाचा फोन होता, बरा आहे म्हणाला, एवढंच ती तेव्हा बोलली होती.

दादाला बाहेर पडायचं होतं. एका वकिलाशी त्याचं बोलणं झालं होतं. रविवारी तो आधी घरी येणार, आईला भेटणार आणि मग वकिलाबरोबर पोलिसांत जाऊन सगळं खरं सांगणार. शिक्षा होईल ती होईल. "मी निघेपर्यंत एक अक्षर छापायचं नाही," तो म्हणाला. तिनं शब्द दिला, आणि खरं सांगायचं तर तो तिनं पाळलाही.

घरी येऊन तिनं मामीच्या कानात सांगितलं. मामीनं दादाच्या कपाटात कोंबलेल्या जुन्या गाद्या त्याच दुपारी बाहेर काढल्या आणि आत ओला फडका मारला. मामानं विचारलं तर म्हणाली, झुरळं झालीत.

तिनं लेख लिहून ठेवला. दादाला तिनं लेखात मुलगी केलं, वय बदललं, गाव बदललं. सरांनी वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. असं काम या विभागात आजवर झालं नाही, असं ते म्हणाले. तिला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

"पण दुसरी बाजू?" सर म्हणाले. "माणसावर खुनाचा आरोप करताय. त्याचं म्हणणं नको?"

"घेते ना सर. पण सोमवारनंतर छापायचं."

"छापू की सावकाश. उत्तराला वेळ मात्र द्यावा लागतो. आदल्या रात्री फोन करून उरकलेलं म्हणणं हे म्हणणं नसतं."

हे तिला शंभर टक्के पटलं. छापायचं नाही असा शब्द होता, विचारायचं नाही असा कुठं होता? तिनं शुक्रवारी सकाळी काकांना प्रश्न पाठवले. आगीबद्दल विचारलं, पहारेकऱ्याबद्दल विचारलं, आणि शेवटी फोनबद्दल: 'एका आईनं जेवलास का असं विचारल्यावर उपस्थित हसले, हे खरं आहे काय?' तो प्रश्न काढून टाकावा असं तिला एकदा वाटलं होतं. पण लेखातला तोच तुकडा तिचा सर्वात लाडका होता. शिवाय जगातली कुठली आई हे विचारत नाही? यावरून कोण कुणाला ओळखणार, असा तिनं हिशेब केला आणि पाठवून मोकळी झाली.

दुपारीच काकांचा फोन आला. अत्यंत अदबीनं. "प्रश्न चांगले आहेत. उत्तरं तोंडी देऊ. शनिवारी या."

शनिवारी माळ्यावर खुर्च्या नीट मांडलेल्या होत्या. खालून लाकूड घासल्याचा आवाज आणि पॉलिशचा वास येत होता. पंधरावीस जण भिंतीला टेकून उभे होते. समोर एका स्टँडवर कुणाचा तरी मोबाइल चित्रीकरणासाठी लावलेला होता. आणि काकांच्या शेजारी दादा बसला होता. गालात कापसाचा बोळा होता. दाढ काढलेली होती.

ती दाराशीच थांबली.

"बसा बाळ," काका म्हणाले. "या खोलीतून इतके फोन झाले. आया रडल्या, एकीनं तर मला नावानिशी शाप दिला. जेवणाचं मात्र एकाच आईनं विचारलं. माझ्याही लक्षात राहिलं होतं ते." ते थोडंसं हसले. "तुम्ही दुसरी बाजू मागितलीत. आमच्यात असं कुणी मागत नाही, मला बरं वाटलं. आता हा सांगेल. तुमचं यंत्र लावा."

तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. इतक्या दिवसांची सवय.

दादानं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं नाव, घरचा पत्ता. मग पाठ केल्यासारखा बोलत गेला. "कचेरीला आग मी लावली. एकट्यानं. कुणी सांगितलं नव्हतं. काकांना कळलं तेव्हा ते माझ्यावर चिडले. आत माणूस आहे हे मला माहीत होतं. ते झाकायला मी माझ्या बहिणीला खोटं सांगितलं. तिनं ते खरं मानलं, तिचा दोष नाही."

"दादा!" तिनं मोबाइलकडे हात नेला.

"चालू राहू दे," काका म्हणाले. "मध्येच बंद करणं तुमच्या नियमात बसतं का?"

दादानं तिच्याकडे एकदाच पाहिलं. राग असता तर तिला सोसवलं असतं. लहानपणी ती झाडावर चढायची आणि तो खाली उभा राहून 'सांभाळून गं' म्हणायचा, त्याच नजरेनं तो पाहत होता. मग त्यानं मान खाली घातली. त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा हात सगळा वेळ त्याच्या खांद्यावर होता.

जिना उतरताना तिनं सरांना फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. सर म्हणाले, "तो तुमचा भाऊ आहे हे मला आधी सांगायला हवं होतंत." आणि थोड्या वेळानं, "म्हणणं रेकॉर्ड झालंय ना पण?" तिनं फोन ठेवून दिला. दादाच्या वकिलालाही तिनं फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, नावपत्त्यासकट कबुली दिलीय, आता काकांविरुद्धचा साक्षीदार म्हणून मी त्याला कुठल्या तोंडानं नेऊ?

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा मामी स्वयंपाकघराच्या टेबलावर दादाचे शर्ट इस्त्री करत होती.

"मामी, तो नाही येणार उद्या."

मामीनं इस्त्री उभी केली. "का?"

"माझ्यामुळं."

तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, फोनमधलं ते वाक्यही सांगितलं. मामीचा चेहरा बघायची तिची छाती झाली नाही, म्हणून शर्टाच्या कॉलरकडे बघत बोलली. मामीनं थोबाडीत मारली असती तर ती वाचली असती.

"आवाज आहे म्हणतेस त्याचा? लाव."

"नको मामी. काय बोललाय ते ऐकू नकोस."

"दोन वर्षांत ऐकला नाही गं मी. लाव."

तिनं लावलं. दादानं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मामी टेबलावर वाकून ऐकत होती, कान मोबाइलला लावून. आग मी लावली, असं तो म्हणाला तेव्हाही तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "आवाज किती बारीक झालाय. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग मामी खुर्चीत बसली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

"बास आता. बंद कर. हे ऐकलं नव्हतं तेच बरं होतं."

पण आवाज येतच राहिला. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, घरचा पत्ता.

"अगं बंद कर म्हणते ना!"

"मामी," ती म्हणाली, "मी बंद केलंय."

बाहेरच्या खोलीत मामा टीव्हीसमोर उभा राहिला होता. बातम्या लागल्या होत्या.