दहा सेकंद

बायकोने तो छोटा कॅमेरा काउंटरवरच्या दोन खोक्यांवर नीट बसवला, बटण दाबलं आणि लगबगीने मागे सरकून भिंतीपाशी उभी राहिली. कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा लुकलुकू लागला. तिने केस सारखे केले, खांद्यावरची बॅग मागे ढकलली, आणि चेहऱ्यावर हसू येतंय न येतंय तोच खट्‌ झालं.

"दहा सेकंद पुरत नाहीत हो," ती दुकानदाराला म्हणाली.

"पहिल्यांदा सगळ्यांचीच धांदल उडते, बाई. सवय झाली की पुरतात."

तिचा नवरा काउंटरच्या टोकाला वॉरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचत होता. त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. कॅमेरा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक झूम किती आहे, बॅटरी किती चालते, पाणी उडालं तर काय, असलं काहीतरी विचारतं. बायकोने अर्ध्या तासात विचारलं ते एवढंच: वजनाला हलका आहे ना, खिशात मावेल ना, पडदा पुढे वळवून स्वतःला बघता येतं का, आणि आपोआप फोटो निघायचा हा प्रकार कसा चालतो. त्याच्या मनात संशयाची पाल चुकचुकली.

"मग हाच बांधू का?" दुकानदाराने विचारलं.

"शनिवारी येऊ," तो मध्येच म्हणाला. "घाई कसली आहे?"

बायकोने कॅमेरा परत दिला, पण पट्टी मनगटातून काढायला तिला जरा वेळ लागला.

हा नवरा विमा कंपनीत एकतीस वर्षं नुकसानीचे दावे तपासत होता. मेहुणीने त्याचं नाव 'पंचनामा' ठेवलं होतं आणि ते साऱ्या नातेवाइकांत इतकं रुळलं की लहान मुलं त्याला पंचनामाकाकाच म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट निवृत्तीच्या समारंभात त्याने स्वतःच हे नाव सांगून टाळ्या घेतल्या होत्या. शिवाय तो आगीचा किस्साही सांगितला होता. घर पेटलं तेव्हा आपण आत एकटेच होतो, आसपास चिटपाखरू नव्हतं, असं एका गृहस्थाने लिहून दिलं होतं आणि सोबत खिडकीतून उडी मारतानाचा स्वतःचा फोटो जोडला होता. पंचनाम्याने त्याला एकच प्रश्न विचारला: "हा फोटो कोणी काढला?" गृहस्थाला तिथल्या तिथे घाम फुटला. त्यानंतर समोर कुठलाही फोटो आला की पंचनाम्याच्या तोंडून आधी तोच प्रश्न निघायचा.

त्या रात्रीचं जेवण लवकर झालं. बायको भांडी आवरत होती आणि पंचनामा टेबलाशी बसून मनातल्या मनात जबाब नोंदवत होता. बायको येत्या सोमवारी आठ दिवसांसाठी डोंगरातल्या तळ्याकाठी जाणार होती. सोबत धाकटी, म्हणजे तिची बहीण. 'आम्हा बहिणींना जरा गप्पा मारायच्यात, तुम्ही कंटाळाल,' असं म्हणून तिने त्याला हळूच बाजूला ठेवलं होतं. मोबाइलमध्ये कॅमेरा असताना दुसरा कशाला, यावर तिचं उत्तर होतं, 'मोबाइल सारखा वाजतो.' हेही त्याने लक्षात ठेवलं होतं. तिच्या मोबाइलवर सारखा फोन करणारा माणूस एकच होता आणि तो या टेबलाशी बसला होता.

पण खरी मेख त्या दहा सेकंदांत होती. दोन बहिणी असल्या तर ही तिचा काढेल, ती हिचा काढेल. खोक्यांवर कॅमेरा ठेवून पळत सुटायची गरज कोणाला? तर जो एकटा आहे त्याला.

दुसरं कोणी आहे का, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. खोटं कशाला बोला? पण तो त्याच्याच तर्काने मोडला. दुसरं कोणी असतं तर फोटो त्याने काढला असता.

दुसऱ्या दिवशी त्याने मेहुणीला फोन लावला. गळ टाकायची त्याची जुनी पद्धत होती: आधी भलतंच काहीतरी विचारायचं.

"कशी आहेस, धाकटे? पाठ काय म्हणते?"

"पाठ मेली म्हणतेय काय भाऊजी, सामान उचलून उचलून जीव जातोय. सोमवारपासून रंगारी येतायत ना! पंधरा दिवस नुसता पसारा, घरातून हलायची सोय..."

वाक्य तिथेच तुटलं.

"म्हणजे, ते यांनी बघायचं ठरलंय," धाकटी घाईघाईने म्हणाली. "मी जातेच आहे ताईबरोबर. सगळं ठरलंय. बॅगसुद्धा काढून ठेवलीय, निळी. यांना म्हटलं, तुम्ही बघा रंगाचं, मला नाही जमायचं. हो की नाही? आणि हवा पण छान आहे म्हणे तिकडे."

"छान, छान," पंचनामा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. खरं बोलणारा माणूस थोडक्यात बोलतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

आता पुरावा हातात होता. आधी त्याला सपाटून राग आला. छत्तीस वर्षांच्या संसारात बायको आपल्याशी खोटं बोलते, आणि वर मेहुणीला साक्षीदार करते! संध्याकाळी तिला समोर बसवायचं, आधी जुने फोटो दाखवायचे, 'इतक्या सहली केल्या, कधी लागला होता का तुला आपोआप निघणारा फोटो?' असं विचारायचं, आणि मग रंगारी पुढे करायचे, असा बेत त्याने रचला. बायको बाजारात गेल्याचं पाहून त्याने कपाटातले अल्बम काढले.

पहिलं पान उलटलं. हॉटेलच्या न्हाणीघरातलं तडा गेलेलं बेसिन. दुसऱ्या पानावर भाड्याच्या गाडीच्या दाराला आधीपासून पडलेला पोचा. मग ओल आलेली भिंत, फाटलेली गादी, खोलीचं अर्धवट लागणारं कुलूप. पुढे आपल्या डोक्यावर खापर नको म्हणून कुठेही पोचल्याबरोबर तो आधी हे फोटो काढायचा, आणि ते रास्तच होतं. कैकदा त्याने त्या फोटोंच्या जोरावर हॉटेलवाल्यांना गप्प केलं होतं.

तो बायकोला शोधू लागला. एका फोटोत ती स्टेशनच्या बाकावर चार बॅगांवर हात पसरून बसली होती. हलू नकोस, लक्ष ठेव, असं त्यानेच बजावलं होतं. एकात ती डोळे मिटलेली निघाली होती. समुद्राचा एक फोटो होता, पण त्यात समुद्र आणि गंजलेला कठडा एवढंच होतं.

आणि मग त्याला तो हात दिसला. तड्याशेजारी, पोच्याशेजारी, ओलीच्या डागाशेजारी लाकडी फूटपट्टी धरलेला हात. नुकसानीची लांबी कळावी म्हणून पट्टी हवीच, आणि ती धरायला कोणीतरी हवंच. मनगटावर बारीक पट्ट्याचं घड्याळ होतं. पुढच्या अल्बममध्ये घड्याळ बदललं होतं, त्याच्या पुढच्यात हातावर शिरा दिसू लागल्या होत्या. पट्टी मात्र तीच होती.

हा फोटो कोणी काढला, हे त्याला विचारायची गरज नव्हती. सगळे त्यानेच काढले होते.

त्याला लाज वाटली. असली लाज त्याला सवयीची नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं ते त्याला सुचेना. त्याने अल्बम जसे होते तसे लावून ठेवले आणि बायको आली तेव्हा तो खिडकीपाशी नुसता उभा होता.

"बरं नाही का?" तिने विचारलं.

"बराय की."

"मग आज काहीच कसं विचारलं नाहीत? कुठे गेले होते, कोण भेटलं?"

"भेटलं असेल कोणी," तो म्हणाला. बायको त्याच्याकडे संशयाने पाहत राहिली.

शनिवारी दुकानात दुकानदाराने तोच कॅमेरा पुढे ठेवला. बायकोने तो उचलला, पण बोलली नाही. आज पंचनामा काहीतरी खुसपट काढणार, याची तिला खात्री असावी. तिने बॅगेचा पट्टा घट्ट धरला होता.

"यात दहा सेकंद कमी पडतात," पंचनामा दुकानदाराला म्हणाला. "जास्तीचे मिळतील असा नाही का एखादा?"

"हा आहे ना, वीसवाला. वजनाला तेवढाच."

"दाखवा. आणि तीन पायांचं ते स्टँड असतं ना, छोटं, ते पण द्या. डोंगरात खोकी कुठे शोधत बसणार?"

बायकोचा हात कॅमेऱ्यावर थबकला.

"अहो, स्टँड कशाला?" ती हलकेच म्हणाली. "धाकटी आहे की. ती काढेल."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. प्रश्न त्याच्या जिभेवर आला. एकतीस वर्षं घासून गुळगुळीत झालेला, एका वाक्यात माणसाला तोंडघशी पाडणारा. त्याने तो परत गिळला.

"तिचा हात हलतो," पंचनामा म्हणाला. "तिच्या भरवशावर राहू नकोस."

बायकोने मान वर केली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली, मग तिनेच नजर खाली वळवली.

"घ्या, बाई, करून बघा," दुकानदार म्हणाला. त्याने स्टँडचे पाय उघडून कॅमेरा त्यावर बसवून दिला.

तिने बटण दाबलं. ती भिंतीकडे निघाली तसा पंचनामा पुढे झाला.

"बॅग दे इकडे."

"राहू दे, हलकीच आहे."

"दे गं."

त्याने तिच्या खांद्यावरून बॅग काढून घेतली. ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हात मोकळे. त्यांचं काय करावं ते तिला कळेना. एकदा पुढे बांधले, एकदा मागे नेले, शेवटी सोडून दिले. तांबडा दिवा लुकलुकत होता आणि अजून वेळ होता. तिला हसू आलं, ते फोटोसाठी नव्हतं, आणि खट्‌ झालं.

तिघांनी पडद्यावर डोकी वाकवली. फोटो चांगला आला होता. फक्त उजव्या कडेला एक कोपर आणि लोंबणारी बॅग दिसत होती.

"तुम्ही आलात बघा कडेला," बायको म्हणाली.

"परत काढ," तो म्हणाला आणि बॅग छातीशी धरून मागे सरकत गेला, पाठ दाराला टेकेपर्यंत.