कसरीचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, पण मोडीत निघालो म्हणून रडायला बसलेलो नाही. अंबाल्याच्या कारखान्यात मी घडलो. विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात दहा वर्षं पोरापोरींनी एक डोळा मिटून माझ्यात पाहिलं, तेही परीक्षेपुरतं. नवी यंत्रं आली तेव्हा ‘खेड्याला चालेल’ असं म्हणून मला आणे पठारावरच्या सरकारी दवाखान्यात धाडलं.

१९९८ साली कॉलेजने इथे क्षयाचं संशोधन काढलं. फॉर्म छापील होता. खोकला आणि ताप दोन्ही असतील, त्याचीच थुंकी तपासायची.

मेंढरं राखणारी कुशाबाई महिनाभर खोकत होती. शिकाऊ डॉक्टर श्रेयाने विचारलं, “मावशी, ताप येतो का?”

“न्हाई बया. सांजच्याला कसर असती नुसती.”

श्रेयाने लिहिलं, ताप नाही.

माझ्यावर काम करणारा कुंडलिक जागेवरूनच बोलला, “म्याडम, कसर म्हंजे बारीक तापच की. अंथरूण धरल्याबिगर आमच्यात ताप कोण म्हणतंय?”

संशोधनाचे प्रमुख, कॉलेजचे मोठे सर, हसले. “कुंडलिक, फॉर्मात कसरीचा रकाना नाही.”

“मग फॉर्मातच कसर हाय, सर.”

त्याने कुशाबाईला डबी दिलीच. थुंकीची काचपट्टी रंगवून माझ्याखाली सरकवली. निळ्यात लाल काड्या, क्षयाचे जंतू.

“जुनं खटारं ते,” सर म्हणाले, “भिंगावर घाण असेल.”

मित्रांनो, ते वाकून बघायलाही आले नव्हते.

श्रेया मात्र वाकली. काचपट्टी सरकवली तशा लाल काड्याही सरकल्या. मग तिने स्वतःचंच लिहिलेलं खोडलं आणि ‘ताप नाही’वाले सगळे फॉर्म बाहेर काढले.

“परत विचारावं लागेल, सर. कसर येते का म्हणून.”

“तीन महिन्यांचं काम वाया जाईल.”

“जाऊ द्या. बाई जाण्यापेक्षा बरं.”

परत विचारलं, तेव्हा आणखी अकरा जण सापडले. सहा महिने गोळ्या खाऊन कुशाबाई उभी राहिली. माझ्या नळीला भंडारा लावायला आली, तर कुंडलिक ओरडला, “मावशे, भिंगात नगं, लई म्हागात पडंल.”

आता विजेवरचं यंत्र आलंय आणि मी कपाटावर धूळ खातोय. मला दया नको. भिंग मऊ फडक्याने पुसा, उजेडात ठेवा आणि राबवा. आणि न बघताच कुणी ‘घाण आहे’ म्हणालं, तर तो कितीही मोठा असो, त्याला खुर्ची द्या. म्हणावं, बसा, आधी बघा, मग बोला.