मी नोलीनची लांब पल्ल्याची लेन्स

मी लेन्स बोलतेय. चष्म्यातली नव्हे, आणि मोबाइलच्या पाठीवर टिकलीएवढी असते तीही नव्हे. मी कॅमेऱ्याच्या तोंडाला लावायची लांब पल्ल्याची झूम लेन्स. पुढे सरकवली की हातभर लांब होते आणि वजनाला चांगली दोन किलो भरते. पक्ष्यांचे फोटो काढणारी मंडळी मला ‘परवडणारी’ म्हणतात. हा शब्द कौतुकाने उच्चारलेला मी फारसा ऐकला नाही, पण त्याचं मला काही वाटत नाही. परवडले नसते तर या किनाऱ्यावर आलेच नसते.

माझा पहिला मालक ॲडलेडचा एक दातांचा डॉक्टर. उत्तरेला जाऊन मगरींचे फोटो काढायचे म्हणून त्याने मला घेतलं. मगरी काढल्या, चार मित्रांना दाखवल्या आणि मला कपाटात टाकलं. हौशी माणसांचं असंच असतं. वस्तू घेईपर्यंत त्यांना झोप लागत नाही, आणि घेतली की तिची आठवण राहत नाही. अंधारात, दमट हवेत काचेला बुरशी धरते. त्या धास्तीतच मी तिथे दिवस काढले. शेवटी त्याच्या बायकोने घर आवरायला काढलं आणि मला जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात नेऊन दिलं.

दुकान स्टॅव्रोस नावाच्या माणसाचं होतं. फळीवर माझ्या एका बाजूला एक पांढरी, घागरीएवढ्या तोंडाची लेन्स होती. खानदानी बाई. तिची किंमत विचारून लोक खाली मान घालून निघून जात. दुसऱ्या बाजूला एक आखूड, हलकीफुलकी लेन्स होती, ती कोणाच्याही पिशवीत मावायची. मधे मी. एका शनिवारी नोलीन पास्को तिथे आली, सोबत तिचा धाकटा भाऊ क्लेम.

नोलीनने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. दुकानात शिरल्याबरोबर तिने खिशातून कापसाचा एक बोळा काढला, चहात बुडवून वाळवलेला, आणि क्लेमच्या हातावर ठेवला.

“गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहा. बोळा तळहातावर ठेव आणि हलू नकोस.”

“भर रस्त्यात?”

“मग काय तुझ्यासाठी रस्ता बंद करायला लावू?”

“तेवढंच राहिलंय तुझं,” असं पुटपुटत क्लेम गेला. चष्म्यावर अडकवायच्या त्याच्या काळ्या काचा त्याने डोळ्यांवर पाडून घेतल्या. ओळखीचं कोणी भेटलंच तर आपल्याला ओळखू नये, असा त्याचा हिशेब असावा.

स्टॅव्रोसने आधी आखूड लेन्स लावून दिली. नोलीनने एक डोळा मिटला. “भाऊ दिसतोय. बोळा दिसत नाही.”

मग पांढरी बाई निघाली. तिच्यातून बोळ्याचा धागान् धागा दिसला, पण नोलीनचे हात लटपटले. किंमत तर तिने विचारलीसुद्धा नाही. स्टॅव्रोस म्हणाला, “ही घेतलीत तर घर विकावं लागेल, आणि उचलायला तुमच्या भावाला कायमचं कामावर ठेवावं लागेल.”

“त्याला? तो एक कापूस धरून उभा राहू शकत नाही. बघा, जांभया देतोय.”

मग माझी पाळी आली. मी पूर्ण लांब झाले. नोलीनने श्वास रोखला आणि तळहातावरचा बोळा माझ्यात मधोमध आला. कडा थोड्या मऊ होत्या, हे मी नाकबूल करत नाही. पण तो कापूस आहे, दुसरं काही नाही, हे स्पष्ट दिसत होतं. नोलीनला तेवढंच हवं होतं. तिच्या पेन्शनला मी झेपत होते, तिच्या हातांनाही झेपत होते. त्या दिवशी मी तिच्या घरी आले.

कापसाच्या बोळ्याची भानगड मला यॉर्क द्वीपकल्पावर पोचल्यावर कळली. नोलीनच्या घराखालच्या किनाऱ्यावर काळ्या टोपीचे चिखल्या पक्षी राहतात. इथे त्यांना लाडाने हूडी म्हणतात. हूडी उघड्या वाळूवर अंडी घालते. माणूस जवळ आला की ती अंड्यांवरून उठते, आणि ती उठून राहिली की उन्हात अंडी शिजतात. म्हणून नोलीन आणि तिच्या मैत्रिणी घरट्याभोवती दोरी बांधतात आणि स्वतःही दोरीच्या आत पाऊल टाकत नाहीत. अंडी फुटली की चहात बुडवलेल्या त्या बोळ्याएवढी, त्याच रंगाची पिल्लं बाहेर पडतात, आणि ती दोरीला जुमानत नाहीत. ती पाण्याच्या कडेला किडे टिपायला धावतात आणि भ्यायली की गाड्यांच्या चाकोरीत दबून बसतात. आणि आमच्या किनाऱ्यावर गाड्या उतरतात. सुट्टी लागली की मासे धरणारी अख्खी मंडळी पिकअप घेऊन वाळूवर येते. क्लेमही त्यांच्यातलाच.

पिल्लं आहेत अशी खात्री पटली, तरच रेंजर गाड्यांचं फाटक बंद करते. आदल्या वर्षी नोलीनने फोन करून कळवलं होतं, “तीन पिल्लं पळताना पाहिली.” लांब सुट्टीच्या ऐन तोंडावर फाटक बंद झालं. दुसऱ्या दिवशी रेंजर दुर्बीण घेऊन आली, तर वाऱ्यावर समुद्राच्या फेसाचे गोळे वाळूवरून घरंगळत होते. पिल्लं नव्हतीच. तेव्हापासून मासेमारांच्या क्लबात तिचं नाव ‘फेसवाली’ पडलं. बेकरीत खिम्याची पेस्टी घ्यायला गेली तरी मागून कोणीतरी कॉफीवरच्या फेसाची चौकशी करायचं. ती हसून घ्यायची. पण घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवून बराच वेळ नुसती उभी राहायची, हे मी पाहिलंय. यंदा काही सांगायचं तर डोळ्याने नव्हे, फोटोने सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. त्यासाठी मी होते.

मी घरी आले त्याच संध्याकाळी क्लेमने बहिणीला एक भेट आणली. गोल चकती होती, माझ्या तोंडावर फिरवून बसवायचा फिल्टर. “वाळू उडते, खारं पाणी उडतं. तुझी काच खराब नको व्हायला,” तो म्हणाला. चेष्टा न करता त्याने बहिणीला काही दिल्याचं बहुधा बऱ्याच वर्षांत घडलं नव्हतं. नोलीनने तो फिल्टर लगेच बसवला आणि नंतर कधी काढला नाही.

तो फिल्टर म्हणजे खिडकीची काच होती, दुसरं काही नाही. अंगणात येणाऱ्या मॅगपाय पक्ष्यांचे फोटो त्यातून ठीक यायचे. पण मी पूर्ण लांब झाले आणि लांबचं काही पाहायला लागले की त्या चकतीत सगळं विरघळून जायचं. मला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. सांगणार कशी? लेन्सला डोळा असतो, तोंड नसतं. नोलीनला वाटलं, जुनी वस्तू घेतली, फसले.

ऑक्टोबरची लांब सुट्टी शनिवारपासून होती. शुक्रवारी दुपारी नोलीन दोरीच्या बाहेर वाळूवर पालथी झोपून होती आणि मी तिच्या डोळ्याला लागलेली. घरट्यात अंडी नव्हती. मादी एक पंख ओढत लंगडायचं सोंग करत होती. पिल्लं आसपास असली की लक्ष आपल्याकडे वळवायला माद्या असं करतात. आणि पाण्याच्या कडेला काहीतरी हललं.

नोलीनने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिली. मग पडद्यावर पाहिलं. करड्या वाळूवर पांढुरके डाग होते, दुसरं काही नाही. तिने त्यातला बरा फोटो फोनवरून तालियाला पाठवला. तालिया म्हणजे रेंजर. पोर समजूतदार, पण तिच्या वाट्याला किनारे बरेच होते आणि वर साहेब होते. तिचा फोन आला.

“नोलीन, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण हा फेससुद्धा असू शकतो. गेल्या वर्षीचं साहेब विसरलेले नाहीत.”

“मी मादीला लंगडताना पाहिलंय गं.”

“मला एक पाय दाखवा. एक चोच दाखवा. आज अंधार पडायच्या आत मिळाली तर मी स्वतः येऊन कुलूप लावते. नाहीतर सकाळी फाटक उघडंच राहील.”

नोलीनने फोन खिशात ठेवला आणि वाळूवरच बसून राहिली. मला तिने मांडीवर आडवं घेतलं होतं. ती रडत होती. मला फार वाईट वाटलं, कारण दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता, माझाही नव्हता, आणि हे सांगायची सोय नव्हती.

क्लेमला चांगली जागा धरायची असते, म्हणून तो आदल्या संध्याकाळीच येतो. पिकअप फाटकाशी लावून तो गळ आणि बर्फाची पेटी उतरवत होता. बहीण दिसली तसा खाली आला.

“काय झालं? यंदा फेससुद्धा नाही का आला?”

नोलीनने मान वर केली. तिचा चेहरा पाहून तो शेजारी बसला आणि म्हणाला, “आण इकडे.”

त्याने मला डोळ्याला लावलं. “धुरकट आहे.” चष्म्यावरच्या काळ्या काचा त्याने वर उचलल्या. “अजून धुरकटच आहे. नोल, मी माझा गॉगल काढला. हिने कुठला घातलाय?” त्याने मला उलटं केलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. स्वतःच दिलेला फिल्टर त्याला दिसला.

“हा मीच दिला होता ना?”

“वाळू उडते म्हणून.”

“उडू दे वाळू,” असं म्हणून त्याने फिल्टर फिरवून काढला आणि मला नोलीनच्या हातात दिलं.

ती पुन्हा पालथी झोपली. सूर्य पाठीशी होता. तिने श्वास रोखला आणि मी पूर्ण लांब झाले. गाडीच्या एका जुन्या चाकोरीत पिल्लू बसलेलं मला दिसलं. काडीसारखे पाय, काळा डोळा, आणि चोचीच्या टोकाला चिकटलेला वाळूचा कण. शेजारी दुसरं होतं, आणि आईच्या पोटाखालून तिसऱ्याचं डोकं बाहेर आलेलं.

क्लेमने पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. पिल्लांकडे त्याने थोडाच वेळ पाहिलं. त्याची नजर चाकोरीवर होती. टायरच्या नक्षीत दर थोड्या अंतरावर एक तिरपा काप उमटलेला होता. त्याच्या मागच्या टायरला तसा काप आहे.

“ही माझी चाकोरी आहे,” तो म्हणाला. “गेल्या रविवारची.”

फोटो मिळताच तालिया अंधार पडायच्या आत आली आणि तिने फाटकाला कुलूप घातलं. सकाळी क्लबची मंडळी गळ, पेट्या आणि पेस्टी घेऊन हजर झाली, तेव्हा क्लेमची पिकअप फाटकाबाहेर आडवी उभी होती आणि तो खुर्ची टाकून बसला होता.

“काय क्लेम, यंदा फेस धरायला बसलास?” एकाने विचारलं.

“मी स्वतः पाहिलंय. दोन पाय आहेत त्याला, आणि तुझ्यापेक्षा सरळ चालतं. गाडी वळव.”

शिव्या भरपूर पडल्या. क्लेमने त्या बसल्या जागी खाल्ल्या आणि खुर्ची काही हलवली नाही.

पुढचं सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. दोन पिल्लं गेली. एक समुद्रपक्ष्याने नेताना मी पाहिलं, एक आम्हाला सापडलंच नाही. उरलं एक. नोलीन रोज त्याच्यासाठी जायची. पण मोठं होऊन पिल्लाला पंख फुटायला लागले, तेव्हाच नेमकी तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. इस्पितळात जाताना तिने मला क्लेमच्या गळ्यात घातलं.

आता मी काही पूर्वीची राहिलेले नाही. माझ्या कड्यात वाळू गेली आहे. फिरवलं की करकरते. रबर सैल झालंय, पुढच्या काचेवर एक चरा आहे. स्टॅव्रोस मला पुन्हा फळीवर ठेवील असं वाटत नाही. तुम्ही कधी माझ्यासारखी घ्यायला गेलात, तर तिच्यातून कडेपर्यंत किती लख्ख दिसतं हे दुकानदाराला जरूर विचारा. पण तुम्ही कुठे उभे राहणार आणि त्याच्या पुढे पाऊल टाकणार नाही, हे आधी ठरवून जा. माझा उपयोग तेवढाच आहे. एरवी मी दोन किलोचं ओझं.

ते पिल्लू उडालं तेव्हा क्लेम दोरीच्या बाहेर गुडघ्यांवर बसला होता. पिल्लू वाळूवरून धावलं, पंख मारले, पडलं. पुन्हा धावलं, आणि सरळ आमच्याच दिशेने आलं. मी प्रयत्न केला. पण इतक्या जवळचं मला दिसत नाही. माझी घडणच तशी आहे. ते क्लेमच्या टोपीवरून गेलं, आणि माझ्यात नुसता करडा पट्टा उमटला.

क्लेम तसाच गाडी घेऊन इस्पितळात गेला. नोलीन उशीला टेकून बसली होती.

“उडालं,” तो म्हणाला. “फोटो नाही आला, नोल. फारच जवळून गेलं.”

नोलीनने कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “कसं उडालं ते सांग.”

त्याने हाताने दाखवलं. आधी पांघरुणावरून बोटं धावली, मग तळहात उचलला आणि तिच्या डोक्यावरून नेला. तिने ते पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. मग फोन मागून घेतला आणि तालियाला लावला.

“उडालं गं. आज सकाळी.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, फोटो नाही. माझ्या भावाने पाहिलंय.”

मग तालियाचं बोलणं मलाही ऐकू आलं. “तेवढं बास झालं. मी ‘उडालं’ अशी नोंद करते.”

क्लेमने मला खांद्यावरून उतरवून खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि तो बहिणीला चहा आणायला गेला. त्या दिवशी माझी कोणाला गरज नव्हती. खरं सांगते, मला ते आवडलं.