चार बोटं उंच

मित्रांनो, मी एक जुना कमोड आहे. झालं! लगेच नाकाला हात गेले ना? हसा, पोटभर हसा. मी मुळीच रागावणार नाही. आयुष्यभर सगळे माझ्याकडे पाठ फिरवूनच बसले, त्यामुळे मानपानाची हौस मला कधीच नव्हती. पण घरी आलेले पाहुणे पडद्यांचं कौतुक करून झालं की आवाज खाली आणून हळूच ज्याची चौकशी करतात तो मीच, एवढं विसरू नका.

आता खरं सांगायचं तर मी अखंड राहिलेलो नाही. माझे बारीकमोठे तुकडे झाले आहेत. ज्या हातांनी मला बसवलं त्याच हातांनी मला फोडलं, आणि तरीही मी त्या हातांचे उपकार मानतो. कसं ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. चिनी मातीचा राडा साच्यात ओतला, वाळवला, वर काचेसारखा पांढरा लेप चढवला आणि मला भट्टीत घातलं. भट्टीच्या तोंडाशी एक बाई बसायची. थंड झालेल्या प्रत्येक भांड्याला ती टिचकी मारून कान द्यायची. बद्द आवाज आला की भांडं बाजूला. मी खणखणीत वाजलो. "हा चांगला आहे," असं ती म्हणाली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. तसं कौतुक पुन्हा फारसं वाट्याला आलं नाही, म्हणून अजून आठवतं.

ज्या घरी मी गेलो ते वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात बाबा आणि माई असे दोघंच. संडास खाली, अंगणाच्या टोकाला, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच. सकाळी तिथे बादल्या घेऊन ही रांग! माईला दिवस गेले होते. आठवा महिना लागला तरी ती भिंत धरधरून जिना उतरायची आणि धापा टाकत वर यायची. बाबांना ते बघवेना. स्वयंपाकघरामागच्या सज्ज्याचा कोपरा त्यांनी विटांनी बंद केला, पाइप टाकला आणि एका सुट्टीच्या दिवशी मला घरी आणलं. चादरीच्या झोळीत घालून दोन मित्रांच्या मदतीने त्यांनी मला जिना चढवला.

बाबा एका गिरणीत फिटर होते. काम पक्कं झालं नाही तर त्यांना घास गोड लागत नसे. त्यांनी ठोकलेला खिळा भिंत पडली तरी निघायचा नाही, असं शेजारीपाजारी गमतीने म्हणत. मला दोन बोल्टनी जमिनीला आवळायचं असतं, तेवढं पुरतं. बाबांनी बोल्ट आवळले, मला दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं. मी हललो नाही. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी घमेलंभर सिमेंट कालवलं आणि माझ्या बुडाखाली, चहूबाजूंनी ठासून भरलं.

माई दारात उभी राहून हसत म्हणाली, "अहो, कमोड बसवताय की किल्ला बांधताय?"

"नातवंडं बसतील याच्यावर, तरी जागचा हलणार नाही!" बाबा घाम पुसत म्हणाले.

दोघांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं की हाच पक्केपणा एक दिवस आडवा येणार आहे.

नंतरची वर्षं सुखाची गेली. टाकीची साखळी ओढून पाणी कसं घोंघावत येतं ते बघायला सुरुवातीला शेजारच्या बायका यायच्या. पुढे त्याचं नवल संपलं, आणि बरंच झालं. बाबांचा मुलगा मोठा झाला. अभ्यासाला बसायची वेळ झाली की त्याला नेमकं माझ्याकडे यावंसं वाटायचं. घरात कडी लावता येईल अशी माझीच एक खोली होती. म्हणून घरातल्या ज्याला रडायचं असेल तो माझ्याकडे यायचा. मुलाचं लग्न झालं, तेव्हा नवी सूनबाई पहिल्या आठवड्यात रोज यायची, नळ सोडायची आणि माहेरच्या आठवणीने मुसमुसायची. मी कुणाचं गुपित कधी कुणाला सांगितलं नाही. माई रोज मला घासूनपुसून लख्ख ठेवायची. ती गेली तेव्हा घरात काही दिवस कुणाला कशाचंच भान नव्हतं. माझ्यावर पिवळे डाग चढले. नंतर सूनबाईने ब्रश हातात घेतला आणि मी पुन्हा माणसांत आलो.

मुलगा बोटीवर कामाला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात राहिले बाबा आणि सूनबाई. सूनबाई घरीच मशीनवर पडदे शिवायची. दोघांचं छान जमायचं. बाबा तिच्या मशीनला तेल घालायचे, ती त्यांच्या चहात साखर जास्त घालायची आणि डॉक्टरांना सांगायची नाही.

आणि मग बाबांचे गुडघे गेले.

हे सगळ्यांत आधी मला कळलं. मी ठेंगणा, जुन्या घडणीचा. बसताना बाबा धपकन बसायचे. उठताना एका हाताने नळ धरायचे, दुसरा भिंतीला लावायचे, दोनतीनदा झोका घेऊन कसेबसे उभे राहायचे. कधी कधी तेही जमायचं नाही. मग दम खात बसून राहायचे, पण हाक मारायचे नाहीत. सुनेला हाक मारून "मला उठव" म्हणायचं? त्यापेक्षा मरण बरं, असा त्यांचा स्वभाव.

त्यांनी एक युक्ती काढली. पाणी पिणंच कमी केलं. पाणी नाही तर माझ्याकडे येणं नाही, येणं नाही तर उठणंही नाही. मित्रांनो, माझं कामच असं आहे की मला हे लपवता येत नाही. जे थोडंफार यायचं ते पिवळंधमक असायचं. माझा जीव टांगणीला लागला होता. पण कमोडला तोंड एवढं मोठं दिलं आहे, जीभ मात्र दिलेली नाही!

व्हायचं तेच झालं. एका सकाळी बाबांना भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी फार कमी झालंय. असंच चाललं तर मूत्रपिंडं धोक्यात येतील. भरपूर पाणी पाजा यांना."

सूनबाई भरलेला पेला घेऊन त्यांच्या मागे फिरायला लागली. बाबा म्हणायचे, "ठेव तिथे, पितो." आणि तिची पाठ वळली की पेला मोरीत रिकामा.

एकदा बाबा माझ्यावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. नळ धरून तीनदा झोका घेऊन झाला होता. बाहेरून सूनबाईचा आवाज आला, "बाबा, सगळं ठीक आहे ना?"

"हो हो. पेपर वाचतोय."

मग ती हळूच म्हणाली, "पेपर माझ्या हातात आहे, बाबा."

बाबांनी मान खाली घातली. त्यांच्या टकलावर घामाचे थेंब होते. तिने पुढे एक शब्दही काढला नाही, दार वाजवलं नाही, की ती तिथून हललीही नाही. बाबा शेवटी उठले आणि बाहेर आले, तेव्हा ती पेपरच चाळत होती.

त्याच दुपारी ती कपडे मापायची टेप घेऊन माझ्याकडे आली. माझी उंची मोजली. मग बाबा ज्या खुर्चीतून बिनबोभाट उठायचे त्या खुर्चीची मोजली. हाताची बोटं जुळवून पाहिली आणि स्वतःशीच म्हणाली, "चार बोटं. फक्त चार बोटं!"

संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "बाबा, मशीनवर बसून बसून माझे गुडघे धरलेत हो. आपला कमोड फार खाली आहे. जरा उंच करून घ्यावा म्हणते."

बाबांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. ती हातातला धागा ओढत राहिली.

"तुझे गुडघे?"

"हो ना."

"मग करायलाच हवं," बाबा खाकरत म्हणाले. "पण परका माणूस माझ्या कामाला हात लावणार नाही. आपणच करायचं. आणि भांडं हेच राहिलं पाहिजे. खाली ओटा घालू, वर हेच बसवू."

माझा ऊर भरून आला. एवढी माया माझ्यावर कोण करणार होतं?

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. बाबा दारात खुर्ची टाकून बसले, पाना सूनबाईच्या हातात. तिने कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, माझ्यातलं उरलेलं पाणी फडक्याने टिपून काढलं. बोल्ट गंजले होते. बाबा सांगायचे, "तेल सोड. आता थांब जरा. हं, आता फिरव." बोल्ट कुरकुरत निघाले. तिने दोन्ही हातांनी मला मिठी मारली आणि जोर लावला. मी ढिम्म! पुन्हा जोर लावला. तिचा चेहरा लालबुंद झाला, मी तसाच.

बाबांनी कपाळावर हात मारला. "सिमेंट! मीच भरलंय."

छिन्नीने कडेचं सिमेंट निघालं, पण बुडाखालचं माझ्याशी एकजीव झालं होतं. मी निघणार नव्हतो. फोडल्याशिवाय नाहीच.

सूनबाई घाम पुसत म्हणाली, "राहू द्या, बाबा. तुमच्या हातचं काम आहे. बघू दुसरं काहीतरी."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, 'फोडा हो, फोडा! माझ्यापायी तुम्ही तहानलेले मरू नका!' पण ते कुणाला ऐकू जाणार? बाबा खुर्चीतून उठले, स्टूल ओढून माझ्याजवळ बसले आणि माझ्या काठावरून एकदा हात फिरवला.

"पुष्कळ केलंस रे आमच्यासाठी," ते म्हणाले. मग सुनेकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. "दे हातोडा."

पहिला घाव त्यांनी घातला. दुखलं का म्हणून विचाराल, तर नाही. जीव भांड्यात पडतो म्हणतात, तसं झालं. माझ्या बाबतीत भांडंच राहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वास येऊ नये आणि कपच्या आत पडू नयेत म्हणून सूनबाईने उघड्या पाइपात चिंध्यांचा बोळा कोंबला. माझे तुकडे पोत्यात भरून खाली न्यायला ती निघाली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "ते कुठे नेतेस? ओट्यात भर घालायला काहीतरी लागेलच की."

अशा रीतीने माझी नवी नोकरी लागली. कडेने विटांची चौकट, मध्ये माझे तुकडे ठासून आणि वरून सिमेंट. पाइपला एक लहान तुकडा जोडून तो वर घेतला. आता ओटा पक्का होईपर्यंत थांबणं आलं. तोवर समोरच्या काकूंनी आपला संडास वापरायला दिला. पण तोही ठेंगणाच, आणि परक्याच्या घरात अडकून बसलो तर काय, या धास्तीने बाबांनी पाणी जवळजवळ सोडलंच. दिवसभर ओट्यापाशी बसून ते सिमेंटवर पाणी शिंपडत राहायचे. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. शेवटी सूनबाईचा बांध फुटला.

"सिमेंटला घोटघोट पाणी पाजता, बाबा, आणि स्वतःला? मला एकटीला टाकून जायचंय का तुम्हाला?"

ती तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. या वेळी नळ सोडायचंही तिला सुचलं नाही. बाबा गडबडले. हातातल्या शिंपडायच्या भांड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "रडू नको. आण तो पेला." आणि तिच्यादेखत निम्मा पेला प्यायले.

ओटा पक्का झाला. नवा कमोड आला, चकचकीत, जरा शिष्टच. आधी पाइपातला बोळा काढला, मग बाबांनी पाणसळ ठेवून कमोड समतल बसवून घेतला. या वेळी फक्त दोन बोल्ट, तेही बेताने आवळलेले. "पुरे," बाबा म्हणाले, "पुढे कुणाला काढायला लागला तर सोपा जावा." कडेने जुना पेपर अंथरून पाणी सोडलं. पेपर कोरडाठाक राहिला.

"आधी तुम्ही जा, बाबा," सूनबाई म्हणाली.

बाबा आत आले, कडी लावली. खाली, ओट्याच्या पोटात, माझ्या तुकड्यातुकड्यावर त्यांचं वजन आलं. मी सगळं अंग गोळा करून धरलं होतं. थोड्या वेळाने ते वजन उतरलं. झोका नाही, धाप नाही. नळाकडे गेलेला हात अर्ध्यावरच थांबला असणार, कारण नळ वाजलाच नाही. बाबा उठले होते. एका दमात, आपले आपण!

दार उघडलं. सूनबाई समोरच उभी होती.

"सूनबाई," बाबा म्हणाले. "मला उठता येत नव्हतं गं. सांगायची लाज वाटायची."

"ठाऊक होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते, बाबा."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग दोघंही स्वयंपाकघरात गेले. माठातून पाणी ओतल्याचा आवाज आला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

मित्रांनो, मला मुळीच वाईट वाटत नाही. उभा होतो तोवर मी एका घराची रांग आणि जिना वाचवला. आता आडवा पडून एका माणसाला चार बोटं वर उचलतो. एका कमोडला याहून जास्त काय हवं असतं? बाबांचे, माईचे, सूनबाईचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझ्या भाईबंदांना स्वच्छ ठेवा, ते तर ठेवालच. पण घरातलं कुणी म्हातारं माणूस बंद दाराआड फार वेळ बसलं असेल, तर घाई करू नका, चेष्टा करू नका. दाराबाहेरून हळूच विचारा, आणि खरं उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांबा.